कोणती कळ आधी? : प्रस्तावना

मार्गशीर्षात कळवण-सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. त्यातली गाणी, त्यातले विधी कोणी संगणकावर उतरवून ठेवले आणि पुढे दुसऱ्या कोणी त्याच संगणकात ‘डोंगऱ्यादेव’ असा शोध घेतला, तर ते लेखन सापडेलच याची खात्री नाही. शब्द तोच आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर प्रूफं तपासण्यात हयात गेलेल्या माणसालाही फरक दिसणार नाही. पण लिहिणाऱ्याने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला होता. शोधणाऱ्याने साधा ‘र’ घेतला, त्याचा पाय मोडला आणि पुढे एक न दिसणारा जोडक घातला. डोळ्याला शब्द एकच, यंत्राच्या हिशेबी ते दोन.

हे पुस्तक त्या न दिसणाऱ्या भागाविषयी आहे. शाळेत ऱ्हस्व-दीर्घ शिकवतात, टायपिंगच्या वर्गात वेग शिकवतात. कळांचा क्रम हाही लेखनाचाच भाग आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. तो ‘कॉम्प्युटरवाल्याचा’ विषय समजून आपण सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कळक्रम ही शुद्धलेखनाचीच बाब आहे आणि ज्याची भाषा त्याने तो ठरवला पाहिजे. तो ठरवता येतो, बदलताही येतो, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक साधनं आज फुकट मिळतात.

नवख्या वाचकाने आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली, बोटाखालची कळ. दुसरी, ती कळ दाबल्यावर यंत्रात साठवला जाणारा संकेत. तिसरी, फॉन्ट त्या संकेताला देतो तो आकार. टाइपरायटरवर या तिन्ही एकच होत्या: कळ दाबली की खिळा उठायचा आणि कागदावर शाई उमटायची. संगणकाने त्यांची फारकत केली. त्यानंतर मराठी टंकलेखनात झालेले बहुतेक घोळ या तीन गोष्टी एकच समजल्यामुळे झालेले आहेत.

कळा मोजक्या आणि लिपीतल्या खुणा फार, ही अडचण एकट्या मराठीची नाही. फ्रेंचांना रोमन ‘ई’वर तिरपी रेघ हवी असते, जर्मनांना ‘यू’वर दोन टिंबं, पोर्तुगीजांना ‘ए’वर लाट. त्यावर दोन तोडगे निघाले. एक टाइपरायटरचा. त्यावर अशा काही कळा ठेवल्या, ज्या दाबल्यावर खूण उमटते पण गाडा पुढे सरकत नाही, म्हणजे अक्षर आणि खूण एकाच जागी बसतात. याला ‘डेड की’ म्हणतात. दुसरा तोडगा संगणकाचा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ साली व्हीटी-२२० या टर्मिनलच्या कळफलकावर ‘कम्पोज’ नावाची कळ दिली. ती दाबून सोडायची, मग दोन साध्या कळा एकामागून एक मारायच्या, की दोहोंच्या जागी एक खुणेचं अक्षर येतं. पुढे युनिक्स-लिनक्सच्या जगात ही युक्ती रुजली आणि एका साध्या मजकूर-फाइलमध्ये हवे ते क्रम स्वतः लिहून ठेवण्याची सोय झाली. देवनागरीत हेच काम हलन्त करतो. क, हलन्त, ष असे तीन संकेत एकामागून एक आले की पडद्यावर एक ‘क्ष’ उभा राहतो. युरोपीय भाषांना जी सोय कळफलकावर नव्याने करावी लागली, तिचं तत्त्व आपल्या जोडाक्षरात आधीपासून आहे. म्हणूनच हा विषय मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही.

इतिहास मात्र सरळ नाही. खिळ्यांच्या छपाईत देवनागरीला शेकड्यांनी खिळे लागत. त्यांची संख्या कमी व्हावी म्हणून टिळकांनी खटाटोप केला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी मांडली, म्हणजे इ, उ, ए यांची वेगळी अक्षरं न ठेवता ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा लावायच्या. १९५३च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा निर्णय झाला. लोकांच्या डोळ्यांना तो रुचला नाही आणि मागे घ्यावा लागला. या सगळ्या सुधारणांच्या मागे यंत्राचा रेटा होता: लिपीने यंत्रापुढे किती वाकायचं?

टाइपरायटरने तर तिचे तुकडेच केले. वरच्या-खालच्या मिळून नव्वदच्या आसपास जागा, त्यात देवनागरी कोंबायची. मग ‘ख’चा काना काढून उरलेला भाग एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, दोन्ही मारले की ‘ख’ पुरा. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे असते म्हणून ती आधी मारायची. रफार उच्चारात आधी असला तरी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून तो नंतर. ‘धर्म’ लिहिताना ध, म आणि मग रफार. हाताला क्रम शिकवला तो दिसण्याचा, बोलण्याचा नव्हे. गोदरेजने १९५५ साली मुंबईत भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि कचेऱ्यांचं काम मराठीत येत गेलं तशी मराठी टंकलेखकांची गरज वाढली. तालुक्या-तालुक्यात टायपिंगचे वर्ग निघाले. गोदरेजने २००९ साली उत्पादन थांबवलं, पण त्या यंत्रावर घडलेली बोटं आजही कचेऱ्यांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून काम करताहेत.

संगणकावर क्रम उलटवण्याचं श्रेय आयआयटी कानपूरच्या ‘जिस्ट’ प्रकल्पाला जातं. मोहन तांबे यांचं नाव त्यात अग्रभागी आहे. पुढे हे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आलं. भारतीय लिप्यांचा पाया एक आहे, तेव्हा साठवण उच्चाराच्या क्रमाने करावी आणि आकार जुळवण्याचं काम यंत्राकडे सोपवावं, हा त्यामागचा विचार. त्यातून इस्की ही संकेतप्रणाली आली (तिचं १९९१चं प्रमाण आयएस १३१९४) आणि इन्स्क्रिप्ट हा कळफलक, ज्याचं प्रमाण १९८६चं. १९९१ साली निघालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. म्हणजे आज जगभरच्या फोनवर मराठी ज्या क्रमाने साठते, त्याची मुळं कानपूर-पुण्यात आहेत.

तरीही नव्वदच्या आणि त्यापुढच्या दशकात मराठी छपाई चालली ती श्रीलिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांवर. त्यांचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवत. छापून सुरेख यायचं, पण फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली की इंग्रजी अक्षरांचा चुरा. असंख्य पुस्तकं, अहवाल, लग्नपत्रिका त्या चुऱ्यात अडकून आहेत. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आली, २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि ‘गमभन’सारख्या साधनांनी रोमन कळांवरून मराठी लिहायची सवय लावली. मोबाइलने पुढचं सगळं बदललं.

या इतिहासातून आज चार घराणी उरली आहेत आणि प्रत्येकाचे कट्टर अनुयायी आहेत. टाइपरायटरचाच क्रम पाळणाऱ्या रेमिंग्टनवाल्यांचा वेग अफाट असतो. परीक्षा परिषदेच्या परीक्षांनी आणि लिपिक-टंकलेखकासाठीच्या मिनिटाला ३० मराठी शब्दांच्या अटीने ती पिढी घडवली. पण त्यांचा क्रम दिसण्याचा असल्यामुळे आतून यंत्राला सतत उलटापालट करावी लागते. इन्स्क्रिप्टवाल्यांचा फलक नेटका आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि बहुतेक ठिकाणी शिफ्ट दाबला की महाप्राण. ‘क’च्या कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’च्या कळीवर ‘थ’. फोनेटिकवाले रोमन स्पेलिंगमधून मराठीत येतात. शिकायला सोपं, पण रोमनमधली संदिग्धताही सोबत येते. चौथं घराणं पडद्याचं. आयआयटी मुंबईत २०१३ साली झालेलं ‘स्वरचक्र’ त्यातलं एक: व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी उघडते. याच घराण्यात आता शब्द सुचवणारे आणि बोललेलं लिहून घेणारे फलकही आले. कोणतं घराणं श्रेष्ठ हा वाद हे पुस्तक घालत नाही. प्रत्येकाच्या हातून शेवटी कोणता संकेतक्रम साठतो, एवढंच ते तपासतं.

तपासायचं म्हणजे काय, हे दोन गावच्या नावांवरून दाखवतो. ‘कळवण’ इन्स्क्रिप्टवर चार कळांत होतं: के, शिफ्टसह एन, बी, शिफ्टसह सी. क, ळ, व, ण. संदिग्धता नाही. तेच नाव रोमन अर्जात गेलं की ‘एल’ आणि ‘एन’ उरतात आणि तिथून यंत्राने पुन्हा मराठी केलं की ल की ळ, न की ण हे त्याला कळायला मार्ग नसतो. मग ‘कलवन’ किंवा ‘कालवन’ असलं काहीतरी दाखल्यावर उमटतं.

दुसरं नाव सप्तशृंगी. गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्या वाचत गेलात तर ‘सप्तश्रृंगी’ वारंवार दिसेल. हे अज्ञान म्हणून सोडून देण्यासारखं नाही. त्यामागे कारण आहे. जुन्या छपाईत ‘शृ’मधला ‘श’ गाठीदार असायचा, ‘श्र’च्या डाव्या अंगासारखा. काही संगणकी फॉन्टांत ‘श’ आणि ऋकार मारल्यावर ती गाठ येत नाही, सरळ ‘श’ खाली ऋकार लटकतो. डोळ्याला ते ओळखीचं वाटत नाही. मग ऑपरेटर गाठ शोधत ‘श्र’कडे जातो आणि त्याला ऋकार लावतो. पाटी रंगवणाऱ्याच्या हातात ही चूक पाटीपुरती राहिली असती. संगणकात ती नावाचा भाग होते, यादीत जाते, नकाशात जाते, आणि योग्य नावाने शोधणाऱ्याला हुलकावणी देते. श, ऋकार, अनुस्वार, ग, दीर्घ वेलांटी: हा क्रम एकदा बोटात बसला की आकार कसा दिसावा हे फॉन्टवर सोडता येतं.

‘ऱ’चं प्रकरण याहून सूक्ष्म आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि सह्याद्री एवढं अंतर. हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे येऊ शकतो: तयार ‘ऱ’ आणि हलन्त, ‘र’ला नुक्ता (खालचं टिंब) देऊन हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडक. पहिले दोन युनिकोडच्या नियमाने समान धरले जातात, तिसरा नाही. ‘ॲ’चंही तसंच. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ॲ आणि ऑ मराठी वर्णमालेत घेतले. युनिकोडमध्ये स्वतंत्र ‘ॲ’ २००८च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचं लेखन ‘अ’वर अर्धचंद्र देऊन केलेलं आहे, दिसायला हुबेहूब आणि संकेताने वेगळं. शोध घेताना दोन्हींचा विचार करावा लागतो. लिहिताना मात्र एकच धरावा.

इथे कम्पोजची कळ उपयोगी पडते. लिनक्सवर उजवी ऑल्ट किंवा दुसरी एखादी बिनकामाची कळ ‘कम्पोज’ म्हणून नेमता येते. विंडोजवर हेच काम ‘विनकम्पोज’ हे मोफत साधन करतं. नियमांच्या फाइलीत एकेक ओळ लिहायची: या कळा या क्रमाने आल्या तर हा मजकूर उमटव. कम्पोज, आर, वाय म्हणजे ‘ऱ्य’, आतला संकेतक्रम आपण ठरवलेला. कोणत्याही यंत्रावर ती फाइल नेली की तोच ‘ऱ्य’. लिनक्सच्या साध्या कळफलक-मांडणीत एका दाबाला एकच संकेत देता येतो, त्यामुळे ‘क्ष’ किंवा ‘ऱ्य’ एका कळीवर बसवता येत नाहीत. कम्पोज ती मर्यादा ओलांडतो. मात्र त्याचे खोडेही आहेत. मूळ यादी सामील करून घेणारी ओळ आपल्या फाइलीच्या सुरुवातीला ठेवली नाही, तर आधीचे सगळे क्रम नाहीसे होतात. ‘आर’ एवढाच एक क्रम आणि ‘आर, वाय’ हा दुसरा, असे दोन्ही ठेवता येत नाहीत. एक दुसऱ्याची वाट अडवतो. आणि कळफलक मराठीवर असताना यंत्राला ‘आर’ दिसतच नाही, तिथे त्या कळीवरची दीर्घ वेलांटी दिसते. म्हणून ज्या फलकावर आपण लिहितो त्याच्या कळा धरूनच नियम लिहावे लागतात. पहिल्या दिवशी नवखा माणूस अडतो तो याच तीन जागी.

कम्पोजचा मूळ उपयोग, म्हणजे रोमन अक्षरांवर खुणा देणं, मराठी अभ्यासकालाही लागतो. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५चा आणि खानदेशी ज्यात आहे तो १९०७चा. त्यांतली बोलींची रूपं वाचायची किंवा उतरवायची तर ‘ए’वर आडवी रेघ, ‘एल’खाली टिंब, ‘एन’खाली टिंब या खुणा हव्यात. आयएसओ १५९१९ हे २००१चं लिप्यंतराचं प्रमाण याच खुणांवर उभं आहे. लिनक्सच्या मूळ यादीत कम्पोज, खालची रेघ, ‘ए’ दाबल्यावर दीर्घ ‘आ’ची रोमन खूण येते, कम्पोज, उद्गारचिन्ह, ‘एल’ दाबल्यावर ‘ळ’ची. कळवणचं नाव रोमनमध्येही ळ-ण सांभाळून लिहिता येतं ते या दोन-तीन कळांच्या जोरावर.

मग आताच का? याचं उत्तर कळवणला बसून जास्त स्पष्ट दिसतं. इथे मराठीबरोबर अहिराणी आणि कोकणा बोलल्या जातात. २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड निघाला, त्यानंतर बोलींत लिहिण्याचा, गाणी-म्हणी गोळा करण्याचा उत्साह वाढला. हे लेखन प्रामुख्याने मोबाइलवर होतं आणि मोबाइलचा फलक प्रमाण मराठीवर पोसलेला असतो. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोया’ लिहायला घेतलं की फलक ‘डोळा’ पुढे करतो, ‘शाया’ लिहिलं की ‘शाळा’. घाईत बोट त्या सूचनेवर पडतं आणि बोली निमूटपणे प्रमाण होऊन जाते. स्वतःचे शब्द फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात घालणं, किंवा ‘कीमॅन’सारख्या मोफत साधनाने बोलीचा वेगळा फलक बांधणं, हा त्यावरचा इलाज आहे आणि तो शिक्षकाच्या, विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे.

दुसरं कारण कागदपत्रांचं. सातबारा संगणकावर आहे, २००६च्या कायद्याखालचे वनहक्काचे दावे, शिष्यवृत्त्या, दाखले सगळे याद्यांतून जुळवले जातात. दोन याद्यांतलं नाव दिसायला एक आणि आतून वेगळं असेल, तर त्याचा भुर्दंड ज्याचं नाव आहे त्याला पडतो. हेलपाटे तोच घालतो. तिसरं कारण, बोलून लिहिण्याची सोय. ती आली म्हणून कळफलकाचं काम संपलं असं अनेक जण म्हणतात. पण बोललेलं यंत्राने कोणत्या संकेतात उतरवलं हे तपासायला आणि दुरुस्त करायला शेवटी कळच लागते; शिवाय कोकणातल्या किंवा अहिराणीतल्या शब्दाला ते यंत्र जवळचा मराठी शब्द चिकटवतं.

‘कोकणातल्या’ म्हणजे इथे कोकणा बोलीतल्या, समुद्राकाठच्या नव्हे. हा खुलासा मुद्दाम करतो, कारण शब्द सुचवणाऱ्या फलकालाही हाच गोंधळ पडतो.

या पुस्तकाची भूमिका मर्यादित आहे. त्यात प्रोग्रॅमिंग नाही. फाइल उघडून ओळ लिहिता येणं एवढंच पुरे. प्रत्येक अवघड अक्षरासाठी आधी साठवणीचा योग्य क्रम, मग तो रेमिंग्टन, इन्स्क्रिप्ट, फोनेटिक आणि मोबाइल यांवर कसा साधायचा, आणि तिथे साधत नसेल तर स्वतःचा क्रम कसा बांधायचा, अशी मांडणी आहे. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार कुठे निसटतात, याचीही चर्चा आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीला यात हात घातलेला नाही. तिला स्वतंत्र पुस्तक लागेल. नियमांची वाण-सामानाच्या यादीसारखी लांबच लांब यादीही नाही. शंभर क्रम पाठ करून कोणी वापरत नाही. दहा-पंधरा आपल्या कामाचे निवडून बोटात बसवलेले बरे. पत्रकाराचे दहा वेगळे, संस्कृतच्या शिक्षकाचे वेगळे, गाणी गोळा करणाऱ्याचे वेगळे.

काही ठिकाणी मी पक्षही घेतला आहे. अर्ध्या ‘ऱ’साठी तयार ‘ऱ’ आणि हलन्त, ‘ॲ’साठी स्वतंत्र संकेत, आणि अदृश्य जोडक शक्य तिथे टाळावा, अशी माझी शिफारस आहे. कारण जे दिसत नाही ते पुढच्या माणसाला दुरुस्त करता येत नाही. बोलींच्या बाबतीत मात्र मी निवाडा केलेला नाही. अहिराणीतला एखादा ध्वनी कसा लिहावा हे अहिराणी लिहिणाऱ्यांनी आपसात बसून ठरवावं आणि मग त्याचा कळक्रम बांधावा. उलट क्रमाने, म्हणजे कळफलकावर जे मिळतं तेच खरं मानून, बोली लिहू नये. टाइपरायटरच्या काळात यंत्रासाठी लिपी तोडण्याशिवाय इलाज नव्हता. आता तो आहे. तेव्हा इथले क्रम वापरून पाहा, पटणार नाहीत ते बदला, आणि ज्यांच्यासोबत लिहिता त्यांच्याशी एकदा बोलून एकच फाइल सगळ्यांनी ठेवा. पाच जणांनी पाळलेला एक साधा क्रम, प्रत्येकाच्या पाच हुशार क्रमांपेक्षा भाषेच्या जास्त उपयोगी पडतो.

कळवण, जि. नाशिक